छतातला गुलाबी रंग

मागच्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा एक पोपडा खाली आला, चांगला पोळपाटाएवढा, आणि ओट्यावरच्या गुळपोळ्यांच्या डब्यावर आदळला. आई पाच मिनिटांपूर्वी तिथेच उभी होती. मी ऑफिसला निघायच्या घाईत होते, आवाज ऐकून धावत आले तर आई दारात, हातात उदबत्तीचा पुडा, आणि नुसती वर बघतीये. वर दोन सळया उघड्या पडल्या होत्या, काळपट तांबड्या, बोट लावलं तर भुकटी हाताला येईल अशा. पन्नास वर्षं ज्या छताखाली जेवलो ते आतून असं झालंय हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं, घरातल्या माणसाचं दुखणं आपल्या लक्षातच आलं नाही की वाटतं ना, तसं.

संध्याकाळपर्यंत घरात एकच शब्द फिरायला लागला, रिडेव्हलपमेंट. पुण्यात सध्या दुसरा विषय कुठाय म्हणा. आमच्या गल्लीत अकरा बंगले होते त्यातले सात गेलेत, उरलेल्यांच्या फाटकावर दर महिन्याला कुणीतरी बिल्डर व्हिजिटिंग कार्ड अडकवून जातो. बंगळूरला असलेल्या दादानं फोनवर सरळ सांगितलं, पाडून टाका, दोन फ्लॅट मिळतील, लिफ्ट असेल, आईला सोयीचं. त्याचं चुकीचं होतं असं नाही. त्यानं एक व्हिडिओपण पाठवला, त्यांच्याकडे हलसुरूजवळ केंब्रिज लेआउटमध्ये पोस्ट ऑफिसची अख्खी इमारत थ्री-डी प्रिंटरनं बांधली त्याचा. मोठ्ठं यंत्र नळीतून काँक्रीटची वेटोळी सोडतंय आणि थरावर थर चढून भिंत उभी राहतीये, कुरडईचा सोऱ्या फिरवावा तशी. १,०२१ चौरस फुटांचं काम, आयआयटी मद्रासचं मार्गदर्शन, ४३ दिवसांत पूर्ण, ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटनसुद्धा झालं. दादाचं म्हणणं, जग इथवर पोचलंय आणि तुम्ही त्या जुन्या छताला काय कवटाळून बसलात. आईनं व्हिडिओ दोनदा पाहिला, मन लावून पाहिला, ती विज्ञानाची बाई आहे, बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, तिला अशा गोष्टींचं मनापासून कौतुक. पण मोबाईल खाली ठेवताना म्हणाली, आधी आपल्या छताला नक्की झालंय काय ते तरी बघा की कुणीतरी.

इथे जरा मागे जावं लागेल, नाहीतर या घराचं काय एवढं ते कळणार नाही.

बाबांचं घर मूळचं नारायण पेठेतलं, म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या, भाड्याच्या. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं. बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर ते परत गेले तेव्हा वाड्याचं दगडी जोतं जागच्या जागी होतं, दोन-चार सागवानी खांब उभे होते, आणि बाकी सगळं बसलेलं, कारण वरच्या भिंती मातीत रचलेल्या होत्या आणि माती पाण्यात विरघळून गेली. ते हे फार कमी वेळा सांगायचे पण सांगताना हाच शब्द वापरायचे, विरघळलं. भिंत विरघळली, माळा विरघळला, आजीचं देवघर विरघळलं. पुढे पर्वतीच्या मागच्या बाजूला, सहकारनगरकडे, पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या त्यात आजोबांना प्लॉट मिळाला आणि १९७४ मध्ये बाबांनी त्यावर हे घर बांधलं. जोतं काळ्या दगडाचं, भिंती नऊ इंची विटांच्या, वर आरसीसी स्लॅब. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणात होतं, परमिट मिळवायला खेटे घालावे लागायचे (ते नियंत्रण १९८२ ला अर्धं उठलं आणि पूर्ण उठायला १९८९ उजाडलं), तर बाबा पोती मिळतील तशी आणून कॉटखाली रचून ठेवायचे, फळीवर, जमिनीची ओल लागू नये म्हणून. आई नवी नवरी, ती सिमेंटच्या पोत्यांवर झोपलेली आहे. मातीवरचा विश्वास कायमचा उडालेल्या माणसानं एकेक पोतं जमवून बांधलेलं घर आहे हे. म्हणून ते पाडा म्हणताना निदान एकदा थांबावंसं वाटतं.

तर ओळखीतून एक स्ट्रक्चरल इंजिनीअर मिळाली, पस्तिशीची असेल. तिनं आल्या आल्या विचारलं, आधी कधी ऑडिट केलंय का? मी म्हटलं बंगल्याचं कोण ऑडिट करतं. ती म्हणाली तेच तर. गृहनिर्माण सोसायट्यांच्या उपविधींमध्ये नियम आहे, इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या वर गेली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं. बंगलेवाल्यांना विचारणारं कुणी नाही, त्यामुळे पोपडा पडेपर्यंत कुणालाच पत्ता नसतो आणि पडला की सगळे एकदम पाडायच्या गोष्टी बोलायला लागतात. मधली पायरीच नाही. आपण छातीत कळ आली तर आधी ईसीजी काढतो ना.

तिनं दोन दिवस घर तपासलं. रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा हातोडा, काँक्रीटवर दाबला की उसळी किती येते त्यावरून वरच्या थराच्या कडकपणाचा अंदाज येतो. मग अल्ट्रासोनिक, तुळईच्या एका बाजूनं ध्वनीची लहर सोडायची आणि पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते बघायचं, आत पोकळी किंवा तडा असेल तर वेळ जास्त. हे सगळं मी नुसतं बघत होते, फार कळत नव्हतं. पण तिसरी टेस्ट आली आणि आई खुर्चीवरून उठलीच.

इंजिनीअरनं छताला छिन्नीनं एक ताजी खाच पाडली, ब्रशनं धूळ झटकली आणि एका स्प्रेच्या बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फवारलं. दोन-तीन सेकंदांत खाचेच्या आतल्या भागात गडद गुलाबी रंग उमटला, राणी कलर म्हणतात तसा, आणि कडेचा बोटभर भाग मात्र राखाडीच राहिला. आई म्हणाली, फिनॉल्फथॅलिन! दहावीच्या पोरांना टायट्रेशन शिकवण्यात जिचं आयुष्य गेलं तिला दुसरं काय सुचणार. त्यानंतर अर्धा तास त्या दोघीच बोलत होत्या आणि मी त्यांना चहा देत होते. मला जे समजलं ते असं. ताजं काँक्रीट फार अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच बारा-तेराच्या घरात, आणि त्या अल्कलीत सळईवर एक पातळ कवच तयार होतं म्हणून ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, काँक्रीटचा पीएच खाली येतो, नऊच्या आसपास आला की ते कवच जातं. मग जरा ओल मिळाली की गंज चढायला लागतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो, ती जागा आत नसते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि पोपडा पडतो. फिनॉल्फथॅलिन अल्कलीतच गुलाबी होतं, म्हणजे रंग आला तर तिथलं काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. रंग आला नाही म्हणजे तिथलं राखण संपलंय.

घरभर चौदा ठिकाणी खाचा पाडल्या. मी प्रत्येक वेळी खाली उभी राहून वाट बघायची, गुलाबी होतंय का, होतंय का. हॉलमध्ये झालं. दोन्ही खोल्यांत झालं, वरचा जेमतेम अर्धा इंच सोडला तर आत सगळं गुलाबी. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या वर मात्र पार सळईच्या मागेपर्यंत राखाडी, कारण तिथे पन्नास वर्षं वाफ, ओल आणि वरच्या टाकीची गळती. पोर्चच्या तुळईतही तेच. शिवाय सळया टॉरच्या, म्हणजे त्या काळी मिळायच्या त्या पीळ दिलेल्या, थंड अवस्थेत पीळ दिल्यामुळे त्यांच्यात ताण राहून जातो आणि त्या गंजाला लवकर बळी पडतात, आता मिळतात त्या टीएमटी, म्हणजे तापलेल्या असतानाच पाण्यानं झटकन थंड केलेल्या, तशा नसतात. रिपोर्टचं सार एवढंच की घराचा साधारण पाव हिस्सा आजारी आहे आणि बाकीचं धडधाकट आहे. बाबांनी फळीवर जपून ठेवलेलं ते सिमेंट.

आता एक सांगायलाच हवं. आमच्या शेजारचं, डावीकडचं घर त्याच वर्षी बांधलेलं, फरशीवाला एक, गवंडी एक, फक्त सिमेंट-वाळूचं कंत्राट दुसरं. आमचं बघून तिथल्या काकूंनीही टेस्ट करून घेतली. त्यांच्या छतात गुलाबी जवळजवळ कुठेच आलं नाही. काकू त्या खाचेकडे बघत राहिल्या, परत एकदा फवारा म्हणाल्या, परत फवारलं, राखाडीच. त्यांचं घर पाडायचं ठरलं आणि ते बरोबरच होतं, मी कुणालाही हट्टानं जुनं टिकवा असं सांगणार नाही, माणसाच्या डोक्यावर पडण्यापेक्षा पाडलेलं केव्हाही चांगलं. पण ते ठरलं कशावरून, तर बघून. कार्डवाल्याच्या हिशेबावरून नाही.

दुरुस्तीचं काम फेब्रुवारीत सुरू झालं. लोखंडी जॅकचे टेकू लावून स्लॅब उचलून धरला, मग जेवढं काँक्रीट पोकळ वाजत होतं तेवढं सगळं फोडलं, सळया तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केल्या, ज्या फारच झिजल्या होत्या त्यांच्या शेजारी नव्या टीएमटी सळया जोडून टोकं केमिकलनं विटेत-काँक्रीटमध्ये पक्की केली, मग गंजरोधक लेप, जुनं-नवं सांधायचा लेप आणि वर पॉलिमर घातलेला मॉर्टार, हातानं दाबून, थराथरानं. पोर्चच्या तुळईला खालून कार्बन फायबरचा पट्टा चिकटवला. पट्टा म्हणजे दिसायला काळं कापड, हातात घेतला तर साडीच्या फॉलइतका हलका, इपॉक्सीनं चिकटून वाळला की ओढ सहन करण्यात लोखंडाच्या कितीतरी पुढे. गवंडीमामा साठीचे, त्यांनी असलं पहिल्यांदाच पाहिलेलं, त्यांनी तो पट्टा दोन्ही हातांत धरून सगळा जोर लावून ताणून बघितला आणि म्हणाले, ताई, कापड छत धरणार म्हणजे आता बघायचं काही राहिलं नाही.

मला वाटतं घरबांधणीतलं नवं काय असं विचारलं की लोक टीव्हीच्या मागची चार्कोल पॅनल दाखवतात, कोव्ह लाईट दाखवतात, आवाज दिला की पडदे सरकतात ते दाखवतात. ते छान दिसतं, ज्याला हवं त्यानं करावं. पण या दहा-पंधरा वर्षांत खरी मोठी गोष्ट झालीये ती ही की आजारी काँक्रीटचं निदान करता येतं आणि ते बरं करता येतं, आणि हे आता मोठ्या पुलांपुरतं नाही, सहकारनगरातल्या हजार फुटांच्या बंगल्यालाही परवडतं. हे कुठल्याच मासिकाच्या कव्हरवर येत नाही कारण काम झाल्यावर दिसायला काहीच उरत नाही. आमच्या स्वयंपाकघराचं छत आता नुसतं पांढरं छत आहे. जगभर माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण आठ टक्के एकट्या सिमेंटपायी जातो, आणि उभ्या घरातलं सिमेंट तर कधीच भाजून, वापरून झालेलं असतं, ते फोडून परत तेवढंच नवीन ओतायचं याचा हिशेब प्लॅन पास करताना कुठल्या रकान्यात मांडतात? चुनखडी आणि भाजलेली माती मिसळून कमी कार्बनचं सिमेंट करायचं काम आपल्याकडच्या आयआयटींमध्ये झालंय, एलसी-थ्री म्हणतात त्याला, ते येऊ दे, यायलाच हवं. पण त्याहून कमी कार्बनचं काँक्रीट म्हणजे जे पाडलंच नाही ते.

बाबांना पटली नसती अशी एक गोष्ट आम्ही केली. आईची खोली खाली स्वयंपाकघरालगत आणायची होती, त्यासाठी एक नवी भिंत हवी होती आणि तिचं ओझं जोत्यावर नको होतं. इंजिनीअरनं एएसी ब्लॉक सुचवले. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात निघालेली युक्ती आहे, आपल्याकडे मात्र आत्ता आत्ता घरोघरी पोचली. औष्णिक वीजकेंद्रातली राख, चुना, सिमेंट यात ॲल्युमिनियमची भुकटी घातली की वायू सुटून सगळं मिश्रण फुगतं, ढोकळ्यासारखं, मग ते कापून दाबाखालच्या वाफेत शिजवतात. वजन विटेच्या साधारण तिसरा हिस्सा. मामांनी पहिला ब्लॉक हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि सरळ पाण्याच्या पिंपात टाकला. तरंगला. सगळे बिगारी गोळा झाले बघायला. आई बाहेर आली आणि तिनं तिथल्या तिथे घनता, उत्प्लावन सगळं समजावून सांगितलं, आणि दोन पोरं इतकी लक्ष देऊन ऐकत होती की मी आत जाऊन तिचा चष्मा आणून दिला.

पण या ब्लॉकबद्दल सरसकट कौतुक नका ऐकू. यांना नेहमीचा जाड सिमेंट-वाळूचा थर चालत नाही, दोन-तीन मिलिमीटरचा पातळ चिकटा लागतो, आणि गवंड्याला ती सवय नसेल तर भिंतीला केसासारख्या चिरा पडतात. साधा खिळा धरत नाही, जड कपाट टांगायचं तर त्याचे वेगळे अँकर. आमच्याकडे पहिल्या दिवशीचा अर्धा थर काढून परत लावला. मामांना राग आला होता, त्यांच्या चाळीस वर्षांच्या हाताला कुणीतरी चूक म्हणत होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दातेरी पट्टी घेऊन आले. नवीन मटेरियल येतं तेव्हा ते वापरणाऱ्या हातांना शिकायला वेळ आणि त्या वेळाचे पैसे मिळायला हवेत, हे कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं आणि मला वाटतं निम्मी कामं तिथेच बिघडतात.

गच्चीचं थोडक्यात सांगते. आधी तिथे ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांवर सिमेंट घातलेला थर होता, जागोजागी तडकलेला. तो काढून वॉटरप्रूफिंग केलं, अठ्ठेचाळीस तास पाणी कोंडून ठेवून खाली थेंब येतो का बघितलं, त्यावर इन्सुलेशनचे बोर्ड आणि सगळ्यात वर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरशांचे तुकडे. ऊन परत फेकायला पांढऱ्या रंगासारखं काही नाही, तेलंगणानं तर २०२३ मध्ये त्यासाठी कूल रूफ पॉलिसीच आणली, आणि पुण्याचा एप्रिल आता चाळिशी पार करतो तर आपल्यालाही उगाच वाट बघायचं कारण नाही. पूर्वी मे महिन्यात रात्री अकरालाही वरच्या खोलीचं छत तापलेल्या तव्यासारखं धग सोडायचं, यंदा मी दुपारी तीनला स्टुलावर चढून छताला तळहात लावला आणि तसाच ठेवू शकले. सोलर तीन किलोवॅटचं घेतलं, केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, पण मी भांडून स्ट्रक्चर माणूसभर उंच करून घेतलं, कारण बसकी पॅनल टाकली की गच्ची संपते, आणि वाळवणाला, पतंगाला, कोजागरीला गच्ची नसेल तर ते घर कसलं. पावसाचं पाणी आता पाईपनं गाळणीतून बोअरकडे जातं. हजार फुटांच्या गच्चीवर पुण्याच्या सातशे मिलिमीटर पावसाचा हिशेब केला तर पासष्ट हजार लिटर होतात, सगळं नाही सापडलं तरी पाच टँकरचं पाणी आहे ते, आणि मिळकतकरात थोडी सूट मिळते ती वेगळीच.

बाथरूमवरून मात्र घरात भांडण झालं. आई शहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण भिंतीला धरायच्या दांड्या लावायच्या म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मी काय आजारी आहे का, म्हणाली. पाहुणे येतील, बघतील. दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मला तेव्हा लक्षात आलं की आपण सोय सोय म्हणतो ती माणसाला कधीकधी घोषणेसारखी वाटते, तू आता म्हातारी झालीस हे भिंतीवर लिहून ठेवल्यासारखी. मग आम्ही दोघी बसलो आणि नव्यानं ठरवलं. दांड्यांसाठी भिंतीत आधार आत्ताच घालून ठेवायचा, कमोडशेजारी एकच लावायची आणि ती टॉवेलच्या दांडीसारखी दिसेल अशी, मात्र खरं वजन पेलणारी. उंबरा पूर्ण काढला, बाहेरची आणि आतली फरशी एका पातळीत, पाणी जायला भिंतीलगत लांब जाळी. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, आत कुणी पडलं तर दार अडकू नये म्हणून, आणि रुंदी तीन फूट. रात्री पलंगावरून पाय खाली ठेवला की पायाजवळचा मंद दिवा आपोआप लागतो. घरातलं स्मार्ट म्हणावं असं एवढंच, आणि ते तिला इतकं आवडलं की शेजारणींना अंधार करून दाखवते. ओट्याची उंचीही आम्ही तिच्या कोपरावरून ठरवली, एकतीस इंच, ट्रॉलीवाला म्हणत होता स्टँडर्ड चौतीस आहे मॅडम, पण स्वयंपाक स्टँडर्ड नाही करत, आई करते.

राहिली फरशी. घरभर दहा बाय दहाच्या मोझॅक टाईल्स, करड्या, त्यात संगमरवराचे काळे-पांढरे कण, कडेनं हिरवी पट्टी. सगळ्यांनी सांगितलं, त्यावरच व्हिट्रिफाईड टाका, दोन दिवसांत नवं घर. मी दुकानात जाऊनही आले, चार बाय दोनच्या चकचकीत टाईल्स, इटालियन मार्बलची हुबेहूब शिरा छापलेल्या, खरंच देखण्या. पण मोझॅकची गोष्ट अशी की तिचा रंग वरवर छापलेला नसतो, चांगला आत खोलवर गेलेला असतो, त्यामुळे घासली की खालून तीच फरशी परत नवी निघते. पॉलिशवाले राजस्थानचे दोघं भाऊ आले, मशीनला आधी खरबरीत दगड मग बारीक मग त्याहून बारीक असं करत पाच दिवस घासलं, घरभर राखाडी चिखल, आणि सहाव्या दिवशी धुतल्यावर मी हॉलमध्ये उभी राहिले तर खिडकीचे गज फरशीत दिसत होते. मी लहानपणी पोटावर झोपून ज्या कणांमध्ये उंट आणि बदक शोधायचे ते उंट आणि बदक जागच्या जागी.

फक्त बाथरूमचा उंबरा आणि जुनी मोरी काढली तिथे पॅसेजमध्ये फरशीला मोठं भगदाड पडलं होतं. तसल्या टाईल्स आता शोधून मिळत नाहीत. तेव्हा काकूंच्या घराचं पाडकाम सुरू व्हायचं होतं, मी जाऊन विचारलं, काकू, तुमच्या कपाटाखालच्या फरश्या काढून घेऊ का? त्या म्हणाल्या, सगळं घरच जातंय, फरश्या काय विचारतेस. मामांनी तीन दिवस लहान छिन्नीनं एकेक सोडवली, शंभरेक काढल्या त्यात त्रेचाळीस अखंड निघाल्या. बाकीचं घर पुढच्या आठवड्यात जेसीबीनं दीड दिवसात गेलं. डंपर मोजत आई खिडकीत बसली होती, तेराव्यानंतर तिनं पडदा ओढला. राडारोड्याचे नियम २०१६ पासून आहेत, तरी किती डंपर रात्रीचे नदीपात्रात रिकामे होतात ते आपण सगळे बघतो, आणि पानशेत पाहिलेल्या शहरानं नदीचं पात्र राडारोड्यानं बुजवावं याचा मला फार फार संताप येतो.

काकू सध्या धनकवडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. गेल्या महिन्यात त्या आईला भेटायला आल्या, गप्पा झाल्या, मग हात धुवायला आत निघाल्या आणि पॅसेजमध्ये थांबल्या. खाली वाकून बघितलं. आमच्या हिरव्या पट्टीच्या मधोमध त्यांची लाल पट्टीची फरशी आहे, मुद्दामच लपवलेली नाही. एका टाईलच्या कोपऱ्याचा टवका उडालेला, त्यावर त्यांनी पायाचा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, हा वरवंट्याचा, धाकट्यानं पाडला होता, तिसरीत होता. म्हणून वर कपाट सरकवलं होतं आम्ही.

जाताना चपला घालता घालता त्यांनी हळूच विचारलं, उरल्यात का गं एखाद-दोन? नवीन फ्लॅटमध्ये देवघराखाली बसवीन म्हणते. जिन्याखाली अकरा शिल्लक होत्या. मी त्यातल्या लाल पट्टीच्या दोन चांगल्या बघून काढल्या, पुसून पेपरात गुंडाळल्या, आणि जड होतात म्हणून रिक्षापर्यंत मीच घेऊन गेले.